रत्नागिरीत प्राईड करायचंय, पण अर्जावर सही कोणाची?

भाट्येचा_सुरू (१६ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

जानेवारीत रत्नागिरीत एक छोटा प्राईड कार्यक्रम, म्हणजे समलिंगी वगैरे मंडळींनी लपून न राहता उघडपणे एकत्र यायचा कार्यक्रम, करायचा आमचा विचार आहे. आम्ही म्हणजे सात जण. दोघे लांज्याचे, एक संगमेश्वरची, एक चिपळुणात नोकरीला, बाकी इथलेच. मी समलिंगी आहे, वय ३४. बहिणीला माहीत आहे, आईला माहीत असावं, बाबांना नाही.

गेल्या वर्षीही प्रयत्न केला होता. एक हॉल ठरवला, आगाऊ पैसे भरले. चार दिवस आधी फोन आला की त्या तारखेला लग्न आहे, नजरचुकीने दोन बुकिंग झाली. त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम तिकडून गाडी घेऊन गेलो. हॉलला कुलूप. पैसे मात्र पैसा न पैसा परत मिळाले.

या वेळी उघड्यावरच, भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर करू म्हटलं. पोलीस ठाण्यात अर्जाचा नमुना विचारायला गेलो. हवालदार चांगले होते, बसा म्हणाले, चहा विचारला. काय काय लिहायचं ते सांगितलं: मार्ग, वेळ, अंदाजे किती माणसं, ध्वनिक्षेपक आहे का, आणि आयोजकाचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, सही. मी वहीत उतरवून घेतलं. निघताना त्यांनी आडनाव विचारलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही अमक्यांचे पुतणे? आम्ही एका बाकावर होतो."

बाहेर येऊन गाडीवर बसून वही उघडली. बाकीच्या सगळ्या ओळी भरता येत होत्या. शेवटची येत नव्हती.

मुंबईत प्राईडला दोनदा जाऊन आलोय. तिथे शेजारून चालणाऱ्याला मी कोण हे ठाऊक नसतं, त्यालाही गरज नसते. आपल्याकडे ओळखीची सुरुवातच "कोणाचा तू?" अशी होते. सातही जणांची हीच अडचण. तर सल्ला द्या. आणि कृपया "आधी घरी सांगा" हा सल्ला नको, तो मोफत मिळतो.

---

कोकम_आगळ (१६ नोव्हेंबर, रात्री १०:५१)

आधी अभिनंदन. एक बाळबोध शंका: प्राईड जूनमध्ये असतं ना?

---

भाट्येचा_सुरू (१६ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटले ते २८ जून १९६९ ला, म्हणून जून. त्यांच्याकडे जूनमध्ये ऊन असतं. आपल्याकडे मृग. एक जूनपासून होड्या वर ओढलेल्या, निम्मी माणसं भाताच्या पेरणीला, आणि वाऱ्याने छत्री उलटी होते तिथे झेंडा काय टिकणार? मुंबईतही २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिली आझादी यात्रा निघाली ती ऑगस्टमध्ये, पुढे त्यांनीही ती थंडीत आणली.

---

परखड_रत्नांग्रीकर (१७ नोव्हेंबर, सकाळी ८:१२)

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कोणी घरात काय करावं याच्याशी मला घेणं नाही. पण भाट्याला रविवारी आम्ही मुलं-नातवंडं घेऊन जातो. हे मुंबई-पुण्याचं फॅड इथे कशाला? आपल्या मातीतलं नाही हे.

---

तालुका_वकील (१७ नोव्हेंबर, सकाळी ११:४०)

मातीचं म्हणत असाल तर जरा उकरून बघू. र. धों. कर्वे यांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं मुरुड. १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात उत्तरं देत, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. खटला हरले ते, पण वकील आणि अशील दोघेही तुमच्या-आमच्या जिल्ह्यातले. पुण्यात पहिली यात्रा २०११ ला निघाली, त्याच्या ७७ वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

आता अर्जाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. एकत्र जमण्याची परवानगी मागताना "आम्ही कोण" हे पटवून द्यावं लागत नाही, "किती जण, कुठे, किती वाजेपर्यंत" एवढंच. बऱ्याचदा जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो, पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमायची तर लेखी परवानगी लागते, म्हणून अर्ज टाळू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. भाट्ये नगर परिषदेत येत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी "करा हो, काही हरकत नाही" याला आयत्या वेळी काडीची किंमत नसते.

सही कोणाचीही चालते. आयोजक समलिंगीच असला पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही.

---

पेटारा (१७ नोव्हेंबर, दुपारी २:१५)

मी कुडाळचो. माका एक सांगूचा आसा. आता कोणीतरी येऊन म्हणेल, "आपल्या दशावतारात बाप्येच बायलांची कामां करतत, नमनात गौळणी पुरुषच होतात, शिमग्यात गोमू नाचते, मग आपली संस्कृती आधीपासून उदार!" कृपया हे फलकावर लिहू नका. माझ्या घरात दोन पिढ्या स्त्रीपार्टी करतात. वडील रात्रभर राणी होऊन रडायचे आणि सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेला चालू लागायचे. ते त्यांचं काम होतं. त्यांना आयुष्यभर मागून शिट्ट्या ऐकाव्या लागल्या त्या याच समजुतीपोटी की साडी नेसतो म्हणजे "तसा" असणार. कंपनीत तसे कोणी नव्हते असं नाही, होतेही. पण ते सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

कलाकार बोलवायचा तर कला बघायला बोलवा, पुरावा म्हणून नको.

---

भाट्येचा_सुरू (१७ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

@पेटारा, खरं सांगू? आमच्या फलकाच्या कच्च्या मसुद्यात अगदी हेच वाक्य होतं. खोडलं.

---

चांदणी_चिपळूण (१८ नोव्हेंबर, रात्री १२:०४)

मी पारलिंगी स्त्री आहे. लोक तृतीयपंथी म्हणतात, त्याहून वाईटही म्हणतात. धागा वाचला. तुमची अडचण समजते, पण एक बोलू? तुम्हाला लपता येतं म्हणून सही हा प्रश्न आहे. मी एसटीत चढले की कंडक्टरपासून सगळ्यांना कळतं. मला लपायला जागाच नाही, मग सही करायला काय हरकत? पण मला कोणी विचारलंच नाही. सात जणांत आमच्यातलं कोण आहे?

दोन मोठ्या शहरांतल्या कार्यक्रमांना गेले आहे. दर वेळी आम्हाला बोलावतात ते ढोलकी वाजली की नाचायला. माईक मिळतो शेवटी, लोक चपला शोधत असतात तेव्हा.

आणि भाट्याला आमच्यासाठी संडासाची काय सोय? हसू नका. सकाळी चिपळुणातून निघालेली मी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण कुठल्याही दारातून आत गेले तरी भांडण होतं. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं करा असं सरकारला सांगितलंय. ते होईल तेव्हा होईल. तुम्ही काय करणार?

---

भाट्येचा_सुरू (१८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०)

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यात कोणीही नाही, आणि विचारायचं सुचलंही नाही. व्यनि (खासगी निरोप) केलाय, वाचा. नाचायला बोलावत नाहीये.

---

परखड_रत्नांग्रीकर (१८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०)

संडासाचा मुद्दा मान्य. बायकामाणसांचीही तिथे तीच बोंब आहे. बाकी माझं मत तेच.

---

घंटा_झाली (१८ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. दोन मुलं, तीन नातवंडं, नवरा हयात आणि वर्तमानपत्रामागे. या विषयातलं मला फारसं कळत नाही. पण छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यात दोन विद्यार्थी असे होते की ज्यांच्याबद्दल आज वाटतं, त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि मी "अभ्यासात लक्ष दे" म्हटलं. एक आता परदेशात आहे. दुसरा नाही.

अर्जावर सही मी करते. पत्ता माझा घाला. माझ्या घरी येऊन कोणी जाब विचारायचा म्हटलं तर निम्म्या गावाला मी पाढे शिकवलेत.

अट एक. हिशेब चोख हवा, पावतीपुस्तक हवं.

---

कोकम_आगळ (१८ नोव्हेंबर, सकाळी ११:२२)

बाईंना दंडवत. पण पावती म्हटली की नाव आलं. गणपतीच्या वर्गणीला चालतं, इथे कसं चालेल?

---

घंटा_झाली (१८ नोव्हेंबर, दुपारी ४:४५)

नावाच्या जागी "एक हितचिंतक". देवळांच्या देणगीफलकांवर गुप्तदान लिहितात की नाही? कोणी बोट दाखवतं का त्याला? स्थळप्रत माझ्याकडे राहील.

---

राजिवड्याची (२ डिसेंबर, रात्री ९:१५)

तारीख ११ जानेवारी ठरली असं कळलं. कोणी ठरवली हो? पंचांग बघितलंत का?

---

भाट्येचा_सुरू (२ डिसेंबर, रात्री ९:२२)

रविवार आहे म्हणून. मुहूर्त वगैरे बघायचा नाही असं ठरलंय.

---

राजिवड्याची (२ डिसेंबर, रात्री ९:४०)

मुहूर्त नाही ओ, भरती! आम्ही मच्छीवाले मुसलमान, आम्हाला तुमचा मुहूर्त काय करायचाय, पण तिथी पाठ असते. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. त्या रविवारी अष्टमी संपून नवमी लागते. नऊ पाऊणे पावणेसात. म्हणजे तुम्ही चार ते सहा चालणार तेव्हा पाणी चढत येणार आणि तुमची यात्रा सुरुच्या मुळांत जाऊन बसणार.

पुढचा रविवार घ्या, १८ तारीख. अमावस्या. सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भाट्याला तेव्हा इतकी वाळू उघडी पडते की तुम्ही क्रिकेटची मॅच घ्या, यात्रा घ्या, शेजारी परखडकाकांची नातवंडंही खेळू देत. वाळू ओली आणि घट्ट असते, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. माझ्या भावाला पोलिओ आहे, म्हणून माहीत. फक्त रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतचा पट्टा भुसभुशीत, तिथे मांडववाल्याकडून प्लायच्या फळ्या घेऊन टाका.

सव्वासहाच्या आत आटपा. सूर्य बुडाला की मगरिबची नमाज, मला घरी असायला लागतं. लांजा-राजापूरवाल्यांनाही परतीची एसटी आहेच.

---

हापूस_नसलेला_आंबा (२ डिसेंबर, रात्री १०:१०)

अमावस्येला शुभकार्य? माझी आजी ऐकेल तर परत जाईल.

---

तालुका_वकील (२ डिसेंबर, रात्री १०:१८)

आणि तीही मौनी अमावस्या. इतकी वर्षं गप्प बसलेल्यांनी बोलायला त्याच दिवशी यावं, हे मला फार आवडलंय.

---

भाट्येचा_सुरू (२ डिसेंबर, रात्री १०:३०)

१८ पक्की. @राजिवड्याची, सात जणांपैकी सहा समुद्रापासून तासाभराच्या आत वाढलो आणि एकालाही हे सुचलं नाही. लाज वाटतेय.

---

लोकलमधला_चाकरमानी (२० डिसेंबर, दुपारी १:००)

मी मूळचा देवरुखचा, मुंबईत असतो. आमचा ग्रुप दोन गाड्या भरून येऊ शकतो. साधारण पन्नास जण, ड्रम, मोठा झेंडा, सगळं आमच्याकडे तयार आहे. तुम्ही फक्त जागा सांगा.

---

चांदणी_चिपळूण (२० डिसेंबर, दुपारी १:३५)

या, पण पंधराच या. ड्रम नको. आम्हा आठ जणांची (हो, आता आठ) बैठक झाली, त्यात ठरलं. तुम्ही पन्नास आलात तर तो तुमचा कार्यक्रम होईल, आणि सोमवारी तुम्ही दादरला असाल, आम्ही इथेच. भारतात पहिली यात्रा कोलकात्यात निघाली, २ जुलै १९९९ ला, तेव्हा पंधरा जण चालले होते. पंधरा काही कमी नसतात.

कामं आहेत ती अशी: फळ्या उचलणं, कचरा गोळा करणं, आणि कोणी हुज्जत घालायला आलं तर न भांडता त्याच्याशी बोलत उभं राहणं. जमेल?

---

लोकलमधला_चाकरमानी (२० डिसेंबर, दुपारी २:२०)

पहिल्यांदा वाचून राग आला. पण जमेल. पंधरा.

---

भाट्येचा_सुरू (१९ जानेवारी, रात्री ११:५०)

झालं मंडळी. आधी हे सांगतो, सगळे सुखरूप आहेत. मग बाकीचं.

किती जण आले? मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. बचत गटाच्या ताईंनी सरबताचे शंभर ग्लास आणले होते, एकतीस उरले. पण काहींनी दोनदा घेतलं, आणि बरेच जण ग्लास घ्यायला पुढेच आले नाहीत. हे मला आधी कळलं नव्हतं. साडेचारला वाळूवर आम्ही तीसेक जण होतो आणि माझं तोंड उतरलं होतं. चांदणीने कोपर मारलं, "मागे बघ." सुरुबनात, झाडाझाडाआड माणसं उभी होती. कोणी मोबाइलमध्ये बघतंय, कोणी भेळ खातंय, एक जण मघापासून एकाच बुटाची नाडी बांधतोय. पर्यटक असल्यासारखी. अर्धा कार्यक्रम त्या बनातच होता. आम्ही चालायला लागलो तेव्हा ते बनातून आमच्या बरोबरीने चालत होते. झरी विनायकाच्या अलीकडे वळलो, तेही वळले. एक मुलगी मध्येच बाहेर आली आणि राजिवड्याचीच्या भावाची खुर्ची ढकलायला लागली. दोघं एकमेकांना ओळखत नव्हती.

फोटोंचं असं केलं. ज्यांना फोटो नको त्यांना खूण द्यायची हा आमचा पहिला विचार, पण मग लपणाराच उठून दिसणार. म्हणून उलटं: फोटो चालेल त्यांनीच मनगटाला केशरी दोरा बांधायचा, बाकी सगळ्यांचा नको असं धरायचं. अकरा दोरे गेले. बाईंनी पहिला बांधला.

झेंड्याची गंमत सांगायलाच हवी. शिंप्याला सहा पट्टे सांगितले होते. न्यायला गेलो तर सात. म्हणे, "इंद्रधनुष्य ना? मग तानापिहिनिपाजा. तुम्ही पारवा विसरलात, मी घातला. कापडाचे पैसे नकोत." त्याला काय सांगणार? गिल्बर्ट बेकरने १९७८ ला पहिला झेंडा केला तेव्हा आठ पट्टे होते, नंतर सहा उरले. रत्नागिरीचा सातचा.

माईक सुरुवातीलाच चांदणीला. ती चारच मिनिटं बोलली आणि शेवटी म्हणाली, "आज मी पाणी पिऊन आलेय." बहुतेकांना कळलं नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. (भाट्याच्याच एका घराने त्यांच्या परसातला संडास दिवसभर उघडा ठेवला. नाव लिहू नका म्हणालेत.)

दोन तरुण येऊन आरडाओरडा करू लागले. चाकरमानी मंडळींपैकी एकाने त्यांना वीस मिनिटं बोलण्यात गुंतवलं, कशात तर देवरुखच्या क्रिकेट टीममध्ये. बंदोबस्ताला तेच हवालदार होते, काकांच्या बाकावरचे. माझ्याकडे बघितलं, बाईंना नमस्कार केला, बस. काकांना सांगतील की नाही माहीत नाही. काल रात्री झोप लागली नाही, हे लपवत नाही.

चुका: ध्वनिक्षेपकाची परवानगी होती पण बॅटरी साडेपाचला संपली, शेवटचे दोघे ओरडूनच बोलले. पेटाराचा दशावतारी प्रवेश वाऱ्यात कोणालाच नीट ऐकू आला नाही, त्याबद्दल मनापासून माफी. आणि फळ्या तीन कमी पडल्या.

हिशेब बाईंकडे आहे. ८४० रुपये शिल्लक.

---

पेटारा (२० जानेवारी, सकाळी ७:०५)

माफी कसली. वडील आले होते. ऐकू नाही आलं तरी शिट्टी कोणी मारली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

---

परखड_रत्नांग्रीकर (२० जानेवारी, सकाळी ८:४०)

मी होतो तिथे. नातवंडांना घेऊन, नेहमीसारखा. मत बदललेलं नाही. कचरा मात्र एक कपटा दिसला नाही, ते लिहायला हवं म्हणून लिहिलं. धाकटीने सात रंग बरोबर म्हणून दाखवले.

---

घंटा_झाली (२० जानेवारी, सकाळी १०:३०)

८४० नव्हे, ८१५. पोच पावतीच्या झेरॉक्सचे पंचवीस धरले नव्हते. पुढच्या वर्षी अर्जावर दोन सह्यांची जागा ठेवू. दुसरी आत्ताच ठरवायची घाई नाही.

---

राजिवड्याची (२० जानेवारी, दुपारी १२:१५)

एक स्टीलचा डबा आमच्या फळ्यांबरोबर घरी आला. निळं झाकण, आत दोन आंबोळ्या होत्या, भावाने खाल्ल्या. सुरूकडे पोचवलाय. कोणाचा?

---

वाचनमात्र_२ (२१ जानेवारी, रात्री ११:३२)

इथे पहिल्यांदाच लिहितोय. डबा माझा. म्हणजे आईचा. मी बनात होतो, बुटाची नाडी बांधत. नंतर खाली आलो होतो थोडा वेळ. आई रोज विचारते डबा कुठे टाकलास, मी ऑफिसात राहिला म्हणतोय. शनिवारी घ्यायला आलो तर चालेल?

---

भाट्येचा_सुरू (२१ जानेवारी, रात्री ११:४१)

ये. रिकामा देणार नाही, आईला काय सांगायचं ते मात्र तू बघ.